शिबिरातली पोलीस

चळवळीत मी बरीच वर्षं पोलीस होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरच्या लकडगंजातल्या एका शाळेत तरुण नेते घडवण्याचं शिबिर भरलं. आमचं मुलींचं होस्टेल बंद होणार अशी बातमी होती, म्हणून आम्हीही गेलो. माझे काका शहरातच राहत, माझी सोय झाली असती. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची नव्हती. तिच्या बी.ए.ची दोन वर्षं बाकी होती आणि वडिलांनी बजावलं होतं, होस्टेल मिटलं की गावी ये, मुलगा पाहून ठेवला आहे.

शिकवायला पुण्याहून एक सर आले होते. अमेरिकेतले काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या हॉटेलात मान ताठ ठेवून कसे बसून राहिले, लोकांनी डोक्यावर सॉस ओतला तरी हात कसा उचलला नाही, हे त्यांनी रंगवून सांगितलं. मग आपल्या लोकांनी तळ्याच्या पाण्यासाठी खाल्लेल्या लाठ्यांवर आले. तेव्हा मागून एक पोरगा म्हणाला, "सर, हे आमचा आजा जेवताना रोज सांगते. पुढचं सांगा." पुढचं व्याख्यान मौनाच्या ताकदीवर होतं. शेजारी आरा मशीन चालू असल्यामुळे ते फारसं ऐकू आलं नाही.

नंतर प्रत्यक्ष सराव. अर्ध्यांनी सत्याग्रही व्हायचं, अर्ध्यांनी पोलीस. नेते सगळ्यांनाच व्हायचं होतं, त्यामुळे पोलीस कमी पडले. माझा आवाज मोठा, म्हणून झाडूचा दांडा माझ्या हातात आला. माझ्या आधीचा पोलीस सत्याग्रह्यांना म्हणाला होता, "कृपया उठता का?"

"अहो, चिडवा त्यांना," सर म्हणाले. "शिव्या द्या. पण सभ्य."

सभ्य शिव्या मला येत नव्हत्या. गावाच्या विहिरीवर आणि कॉलेजच्या आवारात जे ऐकलं होतं, तेच मी दिलं. सत्याग्रही झालेल्या मैत्रिणीचे डोळे भरून आले, पण गुडघ्यांवरचे हात हलले नाहीत.

जेवताना तिने विचारलं, "काहून वं, इतकं कुठून शिकली?"

"तू शिकली तिथूनच."

लाठी खाऊनही हसणारा लॉ कॉलेजचा एक मुलगा सरांना फार आवडला. तो आमचा नेता झाला.

आठवड्याने, होस्टेल ज्यांच्या सहीवर चालायचं त्या साहेबांच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. ऊन नागपूरचं. दोन पोलीस शिपाई सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत उभे होते, लाठीला कोणी हात लावला नाही. साहेब स्वतः बाहेर आले. "अरे, उन्हात काय बसता? तुम्ही तर उद्याचे नेते. आत या, पंखा आहे, चहा घेऊ."

लाठी, शिव्या, सॉस, सगळ्याची आमची तयारी होती. नेत्याने आमच्याकडे पाहिलं, पँट झटकली आणि आत गेला. मागोमाग सगळे. मीही दोन पायऱ्या चढले, तेव्हा मैत्रीण जागची हलली नसल्याचं दिसलं.

"चाल ना वं."

"तुमी प्या. मी होस्टेलासाठी बसून राहिली."

साहेबांनी तिचा कप बाहेर पाठवला. तिने तो बाजूला ठेवला. त्यावर साय धरली.

"घे ना, थंडा होऊन राहिला," मी म्हणाले.

"तुह्या शिव्या सोप्या होत्या वं," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. हळूहळू बाकीच्या मुली बाहेर आल्या. संध्याकाळी साहेबांना घरी जायचं होतं आणि वाट आमच्यावरून जात होती. होस्टेल चालू राहील असं त्यांनी लिहून दिलं. पेपरात फोटो आला तो नेत्याचा, साहेबांशी हात मिळवताना. मैत्रीण बी.ए. झाली. तिच्यासाठी पाहून ठेवलेल्या मुलाने दुसरी पाहिली.

त्यानंतर दर शिबिराला मला पोलीस म्हणून बोलावणं येऊ लागलं. पहिल्या दिवशी मी दांडा घ्यायची. मुलं छान टिकायची, ती तयारी घरूनच झालेली असायची. दुसऱ्या दिवशी मी पंखा लावायची, चहाचा ट्रे घेऊन यायची आणि त्यांना उद्याचे नेते म्हणायची.

"यात अहिंसा कुठे आली?" सर दरवर्षी विचारायचे.

बहुतेक मुलं पहिला कप दिसताच जागेवरून उठायची. बशीत बिस्किटं असली तर सरही.