जीपखालचं मार्चचं पान

आणि तरीही माझं म्हणणं तेच आहे, की त्या दिवशी काकांनी गुरुजींसमोर खोटं बोलायला नको होतं. फोनवर यावरून आमचं दर वेळी वाजतं. मी विषय काढला की काका म्हणतात, "तुले तिकडे दुसरं काई काम नाई का रे?" आणि फोन काकूंच्या हातात देतात. आता त्यांना साठ वर्षं पूर्ण होतात म्हणून निघणाऱ्या गौरवाच्या पुस्तकात लिहायला मिळालं आहे. इथे तरी त्यांना फोन दुसऱ्याला देता येणार नाही.

पांढरकवड्याचे दौलतकाका मिस्त्री आपणा सर्वांना माहीत आहेत. मी त्यांच्याकडे पाच वर्षं काम केलं. सध्या गांधीधामला ट्रेलरच्या वर्कशॉपात आहे. लिहिण्याची सवय नाही, सांभाळून घ्यावं.

आठवीत दोनदा नापास होऊन, तीन ठिकाणची कामं सोडून मी एकोणिसाव्या वर्षी काकांसमोर उभा राहिलो. त्यांनी शाळेचं विचारलंच नाही. एक कार्बोरेटर पुढे ठेवला. "खोल आन् परत जोड." मी जोडला. एक स्क्रू उरला, तो हळूच खिशात टाकला. काका न बघता म्हणाले, "खिशातला इकडे दे. उरला म्हणून सांगतला असता तं आजच ठेवलं असतं. आता उद्या ये." तेव्हाच शिकायला हवं होतं.

जुन्या गाडीचा कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवायचं काम आपल्या भागात काकाच करत. लोकांना वाटतं, इंजिनावरचे सुटे भाग बदलले की झालं. काकांचं लक्ष टाकीपासून सुरू व्हायचं. ते सांगत, "कार्बोरेटर आपल्या भुकेनं घोट घोट पेते. इंजेक्शनले पंपानं रेटून द्या लागते, आन् उरलं ते टाकीत परत न्या लागते. जुनी नळी हा जोर सायत नाई." म्हणून ते जाड, दाबाची नळी नागपूरहून आणत आणि प्रत्येक सांध्याला नळी आवळून धरणारी पूर्ण गोल कडी लावत.

त्यांची एक पद्धत होती. काम झालं की इंजिन अर्धा तास चालू ठेवायचं आणि सांध्याखाली जुन्या कॅलेंडरचं पान पसरायचं. ज्याने सांधा आवळला त्याचं नाव पानामागे लिहायचं. पान कोरडं निघालं तरच गाडीची चावी मालकाच्या हातात. गिऱ्हाईक हसायचे, "मिस्त्री, पंचांग पाहून राह्यले का?" काका म्हणायचे, "हो, तुमच्या गाडीचं."

आपल्या शाळेतल्या गुरुजींची जीप अशीच इंजेक्शनवर घेतली होती. शेवटची इंजिनाजवळची वीतभर नळी कमी पडली. काका म्हणाले, "उद्या नागपूरहून येईल, थांब." मला त्याच दुपारी मित्राच्या लग्नाला उमरखेडला जायचं होतं. काका जेवायला गेले तेव्हा मी जुन्या गाडीची नळी कापून बसवली आणि नागपूरची नवी नळी आजच आली असं खोटं सांगितलं. काकांनी पान पसरलं, मागे माझं नाव लिहिलं आणि दुकानात गेले. थोड्या वेळाने मी पाहिलं, तर पानावर रुपयाएवढा ओला डाग. मी कडी आवळली, पान चुरगाळून फेकलं, दुसरं फाडून ठेवलं आणि काकांना लांबूनच कोरडं दाखवलं. मग बस पकडली.

संध्याकाळी काका स्वतः गाडी चालवून दाखवत होते. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी मागे बसले होते. करंजीच्या रस्त्यावर नळी सुटली. पेट्रोलचा वास येताच काकांनी चावी बंद केली, दोघांना खाली उतरवलं आणि बोनेट उघडलं. सांडलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपावर पडून भडकलं. काकांनी ओलं पोतं टाकून, हाताने दाबून ते विझवलं. उजव्या हाताची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत.

गुरुजींनी विचारलं, "मिस्त्री, हे कोणाचं काम?" काका म्हणाले, "माहंच. नळी मीच लावली."

गुरुजी पुन्हा गॅरेजवर आले नाहीत. हातही गेला आणि नजरही, असं लोक म्हणू लागले. इंजेक्शनची कामं हळूहळू बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी परतलो, तर पट्टी बांधलेल्या हाताने काका चहा पीत होते. एवढंच म्हणाले, "मी मार्च पसरला होता. जुलै कसा निंगाला?" आठ दिवसांत मी पळालो. मी गांधीधामला काम मागतोय हे कळल्यावर तिथल्या मालकाला फोनही काकांनीच केला: "पोरगा हाताचा चांगला हाये." बाकीचं त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून गुरुजी, आपण हे वाचत असाल तर ऐका. नळी मी लावली होती. डाग मी लपवला होता. काकांची नजर तेव्हाही पक्की होती, त्यांना महिनासुद्धा आठवत होता. आपण एकदा गॅरेजवर जावं, एवढी विनंती.

काका, तुम्ही शंभरी गाठावी, गुडघे न कुरकुरता जीपखाली शिरावं आणि मी समोर आलो की पोटभर रागवावं. त्या नळीवरून एकदाही रागावला नाहीत, हेच मला झेपत नाही.

सत्काराच्या समितीला विनंती, माझ्या पैशांची शाल घेऊ नये. दाबाची नळी आणि कड्या घ्याव्यात, काकांना लागतील. पाठवत आहे: चार हजार सहाशे रुपये.