पोपटाची मास्तरीण

लग्न होऊन गिरगावात आले तेव्हा मला लुगडं धड नेसता येत नव्हतं, पण घरच्या पोपटाची मास्तरीण व्हायची हौस दांडगी. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्याने बायकांना “या, बसा” म्हणावं आणि कौतुक माझं व्हावं. त्याचा डोळा मिटला की मी पिंजऱ्यावर पळी वाजवायचे.

“अगं, शिकलेलं झोपेत मुरतं,” सासूबाई म्हणाल्या. मी ऐकते कसली.

हळदीकुंकवाला बिचारा नुसता पेंगत बसला. मग सासूबाईंनी त्याला पोटभर झोपू दिलं, सावकाश शिकवलं, आणि तो घडाघडा बोलू लागला. मी जवळ गेले की मात्र गप्प होऊन कोपऱ्यात सरकायचा.

पुढल्या चैत्रात एकीने विचारलंच, “हा सुनेला का गं घाबरतो?” मी पन्ह्याचे पेले उचलून आत पळाले.