उत्तर पाण्याच्या आधी यावे म्हणून

देवकुळे सरांना पंचाहत्तरावे वर्ष लागले, गौरवग्रंथासाठी तुम्हीही लिहा, असा निरोप आल्यापासून मला नीट झोप नाही. सरांचे विद्यार्थी मोठ्या हुद्द्यांवर आहेत, ते त्यांच्या विद्येविषयी लिहितीलच. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. कराडला एका कॉलेजात संगणकाच्या लॅबचा शिपाई होतो. माझ्या लिहिण्याने सरांना कमीपणा येऊ नये, एवढीच धास्ती आहे. डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो.

सरांची पहिली भेट लॅबमध्येच झाली. भर दुपारी झाडायला गेलो, तर नवीन आलेले सर एका यंत्रासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. पंखा बंद. पडद्यावर एक अक्षर नाही. सरांची पापणीही हलत नव्हती. माणूस बसल्या जागी गेला असे वाटून माझ्या हातातली केरसुणी खाली पडली.

"आवं सर, बरं हाय न्हवं?"

"थांबा. ते झाडतंय."

"कोण?"

"यंत्र. मधेच काम थांबवून केर काढतंय."

"मग मला कशाला ठिवलंय कॉलेजनं?"

सर मोठ्याने हसले. पडद्यावर अक्षरे पळू लागली. मी मात्र दारातच उभा होतो.

सरांची हयात ज्या भाषेत गेली ती यंत्राला काम सांगायची भाषा. त्या जातीला फंक्शनल भाषा म्हणतात. सर सांगत, की या विद्येचे मूळ यंत्रे निघण्याच्याही आधी गणितवाल्यांनी कागदावर मांडून ठेवले होते. पुढे यंत्रे आली, तेव्हा तिला त्यांच्यावर चालवून पाहिले, तर ती फार हळू चालली. लोकांनी नावे ठेवली. हिच्यात एकदा मांडलेली किंमत पुसत नाहीत, बदल हवा तर नवी मांडतात. त्यामुळे जुने साचत जाते, आणि ज्याच्याकडे आता कोणीच बोट दाखवत नाही ते यंत्राला शोधून झाडून टाकावे लागते. त्या झाडण्यात वेळ जातो. तो वेळ कमी करणे, तिला वेगाने पळवणे, यातच सरांचे केस पांढरे झाले. ते त्यांनी मला समजावले तेव्हा पुढे बरेच दिवस मी बेचैन होतो. ज्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही ते झाडायचे. कराडला खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या माणसाने असले ऐकू नये.

सरांच्या सचोटीचा एक प्रसंग सांगतो. बाहेरून काही मोठे पाहुणे आले होते. एका तरुण प्राध्यापकांनी यंत्राला अवघड गणित घातले, तर ते बोट उचलायच्या आत संपल्याचे घड्याळ दाखवू लागले. टाळ्या पडल्या. सर मागच्या बाकावरून उठले.

"टाळ्या नकोत. यात काही झालेलंच नाही. ही भाषा आळशी आहे. उत्तर कोणी मागितल्याशिवाय ती काम हातात घेत नाही. तिनं नुसतं 'करीन' म्हणून ठेवलंय."

मग त्यांनी उत्तर मागितले. यंत्र गप्प झाले. पाहुण्यांचा चहा आला, निवला, पाहुणे उठून गेले, तरी ते गप्पच होते.

"कशाला बोललात सर?" मी कप गोळा करताना म्हणालो. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ रिकामी होती, शंकरराव," सर म्हणाले.

निवृत्तीनंतर सर सांगलीला राहायला आले. मीही सांगलीतच नदीकडच्या गल्लीत माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे राहतो. भावजी माधवनगरच्या गिरणीत होते, ते गेल्यावर घरात आम्ही दोघेच. सरांचे घर गल्लीच्या वरच्या अंगाला, चढावर. त्यांनी घरी बसून पुराचे गणित मांडले. वर कराडकडे कृष्णेला पाणी किती आहे ते घालायचे, आणि आपल्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागेल का, कधी लागेल, ते विचारायचे. पावसाळ्यात गल्लीतली माणसे रोज सरांच्या दारात. मी कधी विचारले नाही. वाईट उत्तराची मला फार भीती वाटते.

आणि मग तो दिवस आला. पाऊस उघडला होता. आभाळ निळेशार, दोरीवर कपडे वाळत होते. आणि गटाराच्या जाळीतून पाणी वर येऊ लागले. लाट नाही, आवाज नाही. कोणी अनवाणी घरात शिरावे तसे ते गल्लीत शिरले. मुंग्या भिंतीवरून वर चालल्या होत्या. कुत्री गच्चीवर जाऊन बसली होती आणि एकही भुंकत नव्हते. सगळ्या गल्लीवर स्वच्छ ऊन पडले होते.

आक्का हलायला तयार नव्हती. "वडूजच्या दुष्काळात घागरभर पाण्यासाठी उन्हात उभी ऱ्हायलेली बाई मी. पाण्याला भिऊ व्हय?"

मी सरांकडे धावलो. "सर, आमच्या घराचं बघा."

सरांनी विचारले. पडदा कोरा राहिला. आम्ही दोघे त्या कोऱ्या पडद्याकडे बघत राहिलो. खाली पाणी चढत होते.

"बाकीच्यांचं लगीच येतंय की हो."

"बाकीचे रोज विचारत होते, म्हणून त्यांचा हिशेब रोज होत गेला," सर हळू म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तुमच्या घराचं पावसाळा लागल्यापासून कोणी विचारलंच नाही. सगळं साचून राहिलंय. आता ते पहिल्या पावसापासून मोजत येतंय."

"किती वेळ लागंल?"

"सांगता येत नाही."

मला वाटले, सर आता थांबतील. साऱ्या आयुष्याची विद्या समोर चालू होती. सर उठले आणि धोतर वर खोचले.

"आवं, पर उत्तर?"

"ते येईल मागून. चला."

गुडघ्याच्या वर पाण्यातून, भिंतीला हात लावत ते माझ्यापुढे चालले. आमचे जोते चार पायऱ्या उंच, म्हणून उंबरा अजून कोरडा होता, आणि आत आक्का शेगडीजवळ बसली होती.

"काय म्हणतंय तुमचं यंत्र?" तिने विचारले.

"काहीच म्हणत नाही, आक्का. म्हणून मी आलोय."

आक्का त्यांच्या भिजलेल्या पायांकडे बघत राहिली. मग उठली. "ह्या शंकऱ्याचं सोडा, ह्याला तांब्यातल्या पाण्याचं बी भ्या वाटतंय. पर तुमी आला म्हंजे खरंच काय तरी हाय."

आम्ही बाहेर पाऊल टाकले तेव्हा पाणी उंबऱ्याला लागले. सरांच्या घरी पोचलो, तर पडद्यावर उत्तर येऊन थांबले होते. उंबऱ्याला पाणी लागायची वेळ त्यात होती. त्या वेळी आम्ही तिघे त्याच उंबऱ्यावर होतो. पुढे चौकटीच्या माथ्यापर्यंत पाणी चढेल असे होते, आणि दिवस मावळायच्या आत ते तेवढेच चढले.

आक्का वाचली म्हणून मी रडत होतो. सर मात्र खूश नव्हते. "उत्तर बरोबर आहे, शंकरराव. पण पाण्याच्या मागून आलं."

तेव्हापासून सरांनी तेवढेच काम धरले आहे. आता विचारो न विचारो, गल्लीतल्या प्रत्येक घराचा हिशेब रोज होतो. वेग तपासायला सर त्या दिवसाचे आकडे पुन्हा यंत्राला घालतात. या भाषेत तेच विचारले की तेच उत्तर येते, कधीही विचारा. त्यामुळे पडद्यावर ते पाणी पुन्हा येते. आमच्या उंबऱ्याला लागते, चौकटीला लागते. आक्का तेव्हा मागे सरांच्या स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी भाकरी थापत असते. मी कान देऊन तो आवाज ऐकत राहतो. एकदा तो मधेच थांबला. मी धावत आत गेलो.

"पीठ संपलं रं," आक्का म्हणाली. "भूत बघितल्यावाणी काय बघतोस?"

परवा सरांनी कळ दाबली आणि हात मागे घ्यायच्या आत आमचे घर बुडाले होते. सर म्हणाले, "छान. पण अजून वेग हवा. नदीकाठची सगळी घरं घ्यायची आहेत."

सरांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. पडद्यापुढे कमी बसा असे डॉक्टरांनी बजावले आहे. सर ऐकत नाहीत, आणि खरे सांगायचे तर त्यांनी ऐकावे असे मला मनातून वाटत नाही. कृष्णामाईने त्यांना भरपूर वर्षे द्यावीत, त्यांची नजर शाबूत ठेवावी, गुडघे दुखू देऊ नयेत. पुन्हा कधी निळ्या आभाळाखाली गटाराची जाळी ओली होऊ लागेल, त्या दिवशी सर त्यांच्या खुर्चीत असावेत. आणि मी दार वाजवायच्या आधीच त्यांनी खिडकीतून हाक द्यावी, "शंकरराव, आक्कांना घेऊन या. सावकाश या, अजून वेळ आहे."