आज नेमकं काय यायला हवं

शाळेत त्यांना सगळे नकाशेबाई म्हणत. भूगोल शिकवता शिकवता केस पिकले. आई गेल्यापासून दोन खोल्यांत त्या एकट्याच राहत. सकाळी डबा भरायचा, तोही एकीचाच.

आठवीचा वर्ग म्हणजे डोक्याला ताप. बाई बोलत, पोरं जांभया देत. एकदा वैतागून त्या म्हणाल्या, "अरे, लक्ष कुठंय तुमचं?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "लक्ष देतो बाई. पण तास संपल्यावर आम्हाला नेमकं काय यायला हवं, तेच कळत नाही."

बोलण्यात उद्धटपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं : तास संपेपर्यंत नकाशावरून दोन गावांमधलं खरं अंतर काढता आलं पाहिजे.

पट्ट्या निघाल्या. पण रस्ता वळणाचा आणि पट्टी सरळ. कुणीतरी दप्तराचा सुटलेला दोरा ओढून काढला, तो वळणांवरून फिरवला आणि मग पट्टीवर ताणून धरला. वर्गभर वाद पेटला, भूगोलाच्या तासाला. शेवटी एक जण आपणहून म्हणाला, "बाई, माझं नकाशाच्या प्रमाणापाशी अडलंय. उद्या परत घ्याल?" असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मग रोज एक वाक्य. शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाचे सर म्हणाले, "बाई, रोज ध्येय ठरवता म्हणे. आम्ही आपले ध्येयाविनाच पेन्शनीपाशी पोचलो." सगळे हसले, बाईही हसल्या. त्यांना दोऱ्याचं सांगायचं होतं, पण गप्पा बदल्यांकडे वळल्या होत्या.

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, बरंय ना?"

"बरंय. अरे, आज वर्गात—"

"नंतर बोलू ताई, पोरांनी धुडगूस घातलाय."

वर्षाच्या अखेरीस त्या वर्गात शिरल्या, तर दोन मुली फळ्यावर लिहीत होत्या. "बाई, आजचं आम्हीच ठरवलंय. चालेल?"

"चालेल की."

मुलं एकमेकांना समजावत होती, चुका काढत होती. बराच वेळ कुणी बाईंना हाक मारली नाही. त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. इतके दिवस हेच तर हवं होतं, आणि तरी कुणी हाक मारतंय का, याकडे त्यांचे कान लागले होते. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. बाई खुर्चीत बसल्या आणि तिथेच डबा उघडला.