नावच खारी!

चहातली साखर मी एका दिवसात सोडली आणि त्याचा डंका लालबागभर पिटला. घरचं साजूक तूपही बंद केलं. तरी तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा वरच. परळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी उतरला नाही, तर इन्सुलिन सुरू करू."

वडिलांना शेवटची सहा वर्षं रोज सकाळी मीच सुई टोचायचो आणि दर वेळी ते तोंड भिंतीकडे फिरवायचे. आता ते काम बायकोच्या गळ्यात पडणार होतं. फ्रीजच्या दारातली कोकमाच्या आगळाची बाटली काढून तिने इन्सुलिनसाठी कप्पा रिकामा केला. ते पाहून मला रडूच आलं.

आठवड्याने बायकोला घेऊन मी तावातावाने बाईंकडे गेलो. "अहो, गोडाला मी शिवत नाही! सकाळ-संध्याकाळ बिनसाखरेचा चहा आणि खारी, बस्स."

"खारी किती?"

"चार... पाच. पण खारीत साखर कुठे असते? नावच खारी!"

बाई हसल्या नाहीत. "मैद्याची पोटात साखरच होते. वर त्यात वनस्पती तूप. असली चरबी रोज खाल्ली की शरीर स्वतःच्याच इन्सुलिनला दाद देईनासं होतं. त्यापेक्षा शेंगदाणे खा, मासे खा. त्यांतली चरबी बरी."

बाहेर पडताच बायको रस्त्यातच कडाडली, "खारी गोड नसता म्हणान तुमका कोणी सांगल्यान? आता बांगडे खावा गपचूप!"

म्हणे शिक्षा! तीही मालवणी माणसाला! खारीच्या जागी मोड आलेले मूग नि मूठभर दाणे आले, जेवणात बांगड्याचं तिखलं. गोळ्या त्याच, चालणंही तेवढंच. बेकरीसमोरून जाताना मात्र मी नाक दाबून चालायचो, खोटं कशाला सांगू?

तीन महिन्यांनी बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "छान उतरलीय. इन्सुलिन सध्या नको."

साठी उलटलेला मी, दवाखान्याचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलो. जिंकलो होतो! घरी येऊन बायकोपुढे कागद नाचवला. तिने तो नीट वाचला, पदराने डोळे पुसले आणि आगळाची बाटली पुन्हा फ्रीजच्या दारात ठेवली.