दानियलचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांनाही नाही, आणि देवालाही धड नाही. तुम्हाला सांगते आहे – का, ते माझं मलाच कळत नाही.

जामखेडकडच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरं मोजकीच. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी उपासना मी चालवते. शाळेत शिक्षिका होते, म्हणून सगळे मला बाईच म्हणतात. आमची रीत अशी, की घंटा व्हायच्या आधी ज्यानं त्यानं माझ्याकडे प्रार्थनेसाठी नावं द्यायची – कुणाचं ऑपरेशन, कुणाची सुप्याच्या कंपनीत मुलाखत. मी कागदावर लिहीत नाही. सगळं तोंडपाठ. केवढा तोरा होता मला त्याचा!

देव काय घरी ऐकत नाही? ऐकतो की. मग चर्चमध्ये कशाला यायचं? मला विचाराल तर एवढ्यासाठीच – आपल्या माणसाचं नाव सगळ्यांसमोर घेतलं जावं, आणि सगळ्यांनी मिळून आमेन म्हणावं. एकट्याचं ओझं तेवढंच हलकं होतं. आणि हे मीच शिकवायची, बरं का.

सुशीलामावशी विधवा. एकुलता एक दानियल भांडून घर सोडून गेलेला – फोन नाही, पत्ता नाही. दर रविवारी ती सगळ्यांच्या आधी यायची. "बाई, आमच्या दानियलचं नाव घ्या बरं का."

एकदा बायकांत बसून ती हसत म्हणाली, "बाईंची प्रार्थना लई लांब, तवर घरी कालवण करपतं." सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. पण ते माझ्या जिव्हारी लागलं – एवढीशी थट्टा! पुढच्या रविवारी प्रार्थना आखूड केली. कशी? एकच नाव गाळलं.

ती डोळे मिटून वाट पाहत होती. मला दिसत होतं, कारण माझे उघडे होते. मी आमेन म्हटलं, सगळे म्हणाले. तिचे ओठ हलत राहिले – एकटीच नाव घेत होती.

वाटलं, एकदाच. जरा अद्दल घडावी म्हणून. पण पुढच्या रविवारीही गाळलं, आणि त्याच्या पुढच्याही. का? राग तर केव्हाच निवला होता. मग काय होतं? ती दर आठवड्याला माझ्यापुढे येऊन विनवते – ते मला आवडायला लागलं होतं. शी! सांगतानाही लाज वाटते.

ती मात्र मला कधी टोचून बोलली नाही. "माझाच आवाज हळू आला आसंल," म्हणायची, आणि पुन्हा नाव सांगायची. मी मान डोलवायची.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. दानियल आला नाही. कळवणार तरी कुठं? दफनाच्या वेळची प्रार्थना मीच केली, आणि लोक म्हणाले, बाई, छान केलीत. तेव्हापासून रविवारी सगळे भोवती असतात, गात असतात – आणि मी त्यांच्यात फार एकटी असते. खरंच सांगते, फार.

परवा तिची जाऊ भेटली. म्हणाली, "शेवटपतुर सांगायची, बाईंना बोल लावू नका गं. वय झालंय, इसरत्यात."

मी विसरले नव्हते. एकाही रविवारी नाही.