झाकून पाहणारे मामा

माझ्या बायकोचे मामा लग्नाला अक्षता टाकायला जात नाहीत, लहान लेकरांचे डोळे तपासायला जातात, हे मी शपथेवर सांगू शकतो. दिग्रसला त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. तिथे चाळिशीचा चष्मा घ्यायला आलेला माणूस तासभर बाकावर ताटकळतो आणि मामा त्याच्यासोबत आलेल्या नातीला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात. मोठ्यांच्या डोळ्यांत त्यांना रसच नाही. त्यांचं म्हणणं असं, की बघायला डोळा नाही, मेंदू शिकतो, आणि तोही साधारण सात-आठ वर्षांच्या वयापर्यंतच. तोवर एका डोळ्याकडून धूसर चित्र येत राहिलं, तर मेंदू त्याचं ऐकणं सोडतो आणि त्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. हे ते हातात मठ्ठ्याचा पेला धरून नवरदेवाच्या बापालाही ऐकवतात.

अशाच एका पंगतीत त्यांनी माझ्या पाच वर्षांच्या मुलीचा डावा डोळा तळव्याने झाकला. घास हातात असलेल्या पोरीला छळतात म्हणून मला राग आला. मी समोरच बसलो होतो. ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "बाबा कुठं गेले?"

यवतमाळच्या डॉक्टरांनी मामांचंच म्हणणं सांगितलं, तिचा मेंदू उजव्या डोळ्याचं ऐकत नाही. चष्मा लावा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. मुलगी पट्टी ओरबाडून काढायची, रडायची. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, राहू द्या, एक डोळा तर धड आहे. बायकोने ते मामांना कळवलं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून एसटीने घरी आले, स्वतःच्या उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली आणि तिच्यासमोर फतकल मारून बसले. "चाल माय, आपून दोघं दाय निवडू." ते खडे ठेवायचे आणि डाळ फेकायचे. ती हसून हसून त्यांच्या चुका काढायची, पट्टी विसरून. मग दर रविवारी हेच. एकदा मी म्हटलं, मामा, नाटक झकास वठवता.

"नाटक नाही करून राह्यलो, जावईबापू," ते डाळ चिवडता चिवडता उघड्या, डाव्या डोळ्याकडे बोट करून म्हणाले. "माहा हा डोया असाच हाये. एकवीस वर्षाचा झालो, नौकरीच्या तपासणीत मालूम झालं. तोवर कोणी झाकून पाह्यलंच नाही."

मुलगी आता आठ वर्षांची आहे. शेवटच्या तपासणीत तिने खालची बारीक ओळ घडाघडा वाचली आणि म्हणाली, आता आजोबांची पाळी. मामांनी उजवा डोळा झाकला. सगळ्यात वरच्या, सगळ्यात मोठ्या अक्षराकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच तिच्याकडे वाकले. तिने ते त्यांच्या कानात सांगितलं.